लॅटिन वाक्प्रचारांचे इंग्रजी भाषांतर आणि ऑनलाइन शब्दकोश

भारतीय संविधानाच्या अनुच्छेद ३२ व २२६ मध्ये न्यायालयांनी काढावयाच्या पाच प्राधिलेखांचा निर्देश आहे. त्यांपैकी प्रोहिबिशन वगळता हेबियस कॉर्पस, मँडॅमस, क्वो वॉरंटो आणि सर्शियोरारी ही चारही नावे लॅटिन होत. इंग्लंडमधील न्यायालयीन अभिलेख १७३३ पर्यंत सामान्यतः लॅटिनमध्ये लिहिले जात. त्या परंपरेचा हा अवशेष होय. लॅटिन न शिकलेला अभ्यासक या नावांच्या अर्थासाठी आज ऑनलाइन शब्दकोशाकडे वळतो. परंतु कोश शब्दाचा अर्थ देतो. वाक्प्रचाराचा अर्थ रूप, कालखंड व संदर्भ यांवरून वाचकासच निश्चित करावा लागतो.

पहिला प्रश्न रूपाचा. लॅटिन कोशात क्रियापदाची नोंद वर्तमानकाळाच्या प्रथमपुरुषी एकवचनी रूपाने केलेली असते. ‘हेबियस’ (मूळ उच्चार ‘हाबेआस’) हा शब्द म्हणून ‘हाबेओ’ या नोंदीखाली सापडतो. अमेरिकेतील टफ्ट्स विद्यापीठाच्या पर्सियस प्रकल्पात ल्यूइस व शॉर्ट यांचा १८७९ चा कोश उपलब्ध असून, दिलेले रूप कोणत्या शब्दाचे आहे, हेही तेथे कळते. ‘हाबेआस’ हे द्वितीयपुरुषी एकवचनी रूप आपल्या विध्यर्थाशी जुळणारे आहे. ‘तुझ्याजवळ आहे’ असे केवळ विधान असते, तर ‘हाबेस’ हे रूप आले असते. ‘कॉर्पस’ हा शब्द नपुंसकलिंगी असल्यामुळे संस्कृतातील ‘वनम्’ याप्रमाणे त्याची प्रथमा व द्वितीया सारखीच दिसते; येथे तो कर्म आहे. कोशात ‘शरीर’ व ‘प्रेत’ असे दोन्ही अर्थ आढळतात. प्राधिलेखाला अभिप्रेत आहे तो जिवंत बंदिवान. अर्थात ‘दॅट यू हॅव द बॉडी’ या इंग्रजी शब्दांतून बंदिवानास न्यायालयापुढे उपस्थित करण्याची आज्ञा व्यक्त होते. मराठीतील ‘देहोपस्थिती’ या संज्ञेत हा हेतू नेमका उतरला आहे.

रूप ओळखल्यानेही सर्व संदेह फिटतो असे नाही. ‘मँडॅमस’ हे ‘मांदो’ या नोंदीचे रूप आहे. पण ‘मांदो’ अशी क्रियापदे दोन आहेत. एकाचा अर्थ आज्ञा करणे, दुसऱ्याचा चावणे. पहिल्याचे निश्चयार्थी रूप आणि दुसऱ्याचे विध्यर्थाशी जुळणारे रूप अक्षरशः एकच होते. यास्तव व्याकरणदृष्ट्या ‘आम्ही आज्ञा करितो’ आणि ‘आपण चावावे’ हे दोन्ही अर्थ संभवतात. निवड प्रसंगावरून होते; राजाच्या नावे निघालेल्या लेखात ‘वी कमांड’ हाच अर्थ ग्राह्य ठरतो.

तिसरा प्रश्न कालखंडाचा. ‘क्वो वॉरंटो’ मधील दुसरा शब्द अभिजात लॅटिनमधील नव्हे. तो मूळचा जर्मानिक असून फ्रेंचमार्गे मध्ययुगीन लॅटिनमध्ये आला. ल्यूइस व शॉर्ट यांच्या कोशात तो न मिळाल्यास शब्द अशुद्ध आहे, असा निष्कर्ष काढणे चूक ठरेल. अशा वेळी २०१३ साली पूर्ण झालेला ब्रिटिश साधनांतील मध्ययुगीन लॅटिनचा कोश पाहिला पाहिजे. तोही आता ऑनलाइन उपलब्ध आहे. ‘क्वो’ या शब्दाचा ‘कोणीकडे’ असाही अर्थ होतो. परंतु पुढील नामाची विभक्ती पाहता ‘कोणत्या अधिकाराने’ हाच अर्थ जुळतो.

शेवटचे उदाहरण कोशाची मर्यादा स्पष्ट करते. ‘सर्शियोरारी’ हे ‘केर्तिओरो’ म्हणजे ‘कळविणे’ या क्रियापदाचे कर्मणी भाववाचक रूप आहे. ‘कळविले जाणे’ एवढ्यावरून कोणतीच आज्ञा निष्पन्न होत नाही. मूळ लेखात त्याच्या जोडीस ‘आमची इच्छा आहे’ या अर्थाचे क्रियापद होते. नाव रूढ होताना ते गळाले. गळालेला शब्द कोश पुरवू शकत नाही. त्यासाठी मूळ लेखच पाहावा लागतो.

सारांश, प्रथम रूप, नंतर नोंद, त्यानंतर कालखंड आणि अखेरीस मूळ वाक्य हा क्रम सांभाळावा. इंग्रजी भाषांतरातील प्रत्येक शब्दास लॅटिन रूपाचा आधार दाखविता आला, तरच ते भाषांतर विश्वसनीय मानावे. शोधचौकटीत उमटलेला पहिला अर्थ हा या विचाराचा केवळ आरंभ होय.