जावात सेटमध्ये टाकलेला मॅप सापडत नाही? हॅशकोडचं गणित बघा

जावात मॅपचा हॅशकोड काढायची रीत सोपी आहे. प्रत्येक जोडीतल्या की आणि व्हॅल्यूच्या हॅशकोडचा एक्सऑर घ्यायचा, मग सगळ्या जोड्यांची बेरीज. मॅपमध्ये १=२ आणि ३=४ असेल तर ३ अधिक ७, म्हणजे १०. बेरीजच का? तर जोड्यांचा क्रम कसाही असला तरी उत्तर तेच यावं म्हणून. (१=२ आणि २=१, दोन्हींचा हॅशकोड ३च येतो, पण ते चालतं; शेवटचा निवाडा इक्वल्स करतं.)

खरी गोची पुढे आहे. हाच मॅप हॅशसेटमध्ये टाकला आणि नंतर त्यात ५=६ वाढवलं, की १०चे १३ होतात. सेट तेराच्या कप्प्यात शोधतो, मॅप दहाच्या कप्प्यात पडून! कन्टेन्स 'नाही' सांगतं, एररही येत नाही. जावा १० पासून मॅप.कॉपीऑफ आहे, त्याने काढलेली प्रतच सेटमध्ये टाका.