दमदार सेडान, पण रोजच्या वापराला

स्कोडा ऑक्टाव्हियाचं १.८ टीएसआय इंजिन १८० पीएस ताकदीचं. २०१३ साली आलेली ही गाडी आज सेकंडहँड बाजारात नव्या हॅचबॅकच्या भावात दिसते. एवढी दमदार गाडी इतकी उतरते, कारण घेणाऱ्याला दुरुस्तीच्या बिलांची धास्ती असते. ही धास्ती अगदीच खोटी नाही. पण गिरगाव, परळ, लालबाग, दादर या पट्ट्यात राहणाऱ्याने ती नेमकी कुठल्या भागांची बाळगायची हे समजून घेतलं, तर चांगली गाडी बजेटमध्ये नक्की मिळते.

आपल्याकडे गाडी वेगाने झिजत नाही, रखडण्याने झिजते. मीटरवरचे किलोमीटर म्हणूनच फसवे. शहरातल्या शहरात ताशी १५ किलोमीटरच्या सरासरीने ४५,००० फिरलेल्या गाडीचं इंजिन ३,००० तास चाललेलं असतं. पुणे-नाशिक करत ताशी ५० च्या सरासरीने ९०,००० फिरलेल्या गाडीचं १,८०० तास. जाहिरातीत पहिली ‘कमी चाललेली’ म्हणून मिरवते, पण तिच्या क्लचने आणि गिअरबॉक्सने कितीतरी जास्त सोसलेलं असतं. मला विचाराल तर सर्व्हिसची पूर्ण बिलं असलेली हायवेची गाडी मी आधी बघेन.

सगळ्यात जास्त वेळ गिअरबॉक्सवर घालवा. फोक्सवॅगन-स्कोडाच्या डीएसजी या ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये दोन क्लच असतात. एकावर पहिला, तिसरा, पाचवा असे विषम गिअर, दुसऱ्यावर सम. एक गिअर चालू असताना पुढचा तयार असतो, म्हणून बदल क्षणात होतो आणि मोकळ्या रस्त्यावर फार मजा येते. पण व्हेंटो १.२ टीएसआय किंवा ऑक्टाव्हिया १.८ मधला सात गिअरचा डीएसजी कोरड्या क्लचचा आहे. हिंदमाता ते दादर टीटी अशी फूटफूट सरकताना गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये हेलपाटे घालते, क्लच अर्धवट लागलेला राहतो, घासतो आणि तापतो. उष्णता वाहून न्यायला तिथे तेल नसतं. ऑक्टाव्हियाच्याच व्हीआरएस २३० मधला सहा गिअरचा डीएसजी तेलात बुडालेल्या क्लचचा, त्यामुळे तो हा त्रास अधिक सोसतो. मात्र त्याचं तेल साधारण ६०,००० किलोमीटरला बदललेलं असायला हवं. बदललं असेल तर बिल असेलच. बिल नसेल तर ते बदललेलं नाही असं धरून भाव करा.

रोज ऑफिसला जायचं असेल तर मॅन्युअल घ्या, किंवा टॉर्क कन्व्हर्टर असलेली ऑटोमॅटिक. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये इंजिनाची ताकद तेलातून पुढे जाते, त्यामुळे रखडताना घासायला क्लच प्लेट नसते. माझी पसंती रॅपिड किंवा व्हेंटो १.० टीएसआयला. २०२० नंतरच्या या गाड्यांत ११० पीएस आहेत, लांबी सुमारे ४.४ मीटर. दोन्ही चाकणला बनलेल्या, आणि त्याच घराण्यातलं इंजिन स्लाव्हिया-व्हर्टसमध्ये आजही चालू असल्याने पार्टसाठी वणवण होत नाही. ऑक्टाव्हिया जवळजवळ ४.७ मीटर लांब. परळच्या टॉवरमधल्या यांत्रिक पार्किंगचा ट्रे असो की गिरगावातल्या गल्लीतली जागा, टोकन देण्याआधी टेप घेऊन मोजाच. रांजणगावला बनलेली लिनिया टी-जेट चालवायला सुरेख आहे, स्टेअरिंग तर अप्रतिम. पण फियाटने इथला गाशा गुंडाळला आहे. तिचा जाणकार मेकॅनिक ओळखीत असेल तरच तिच्या वाटेला जा. २००६ ची होंडा सिव्हिक इंजिनाला भक्कम, पण बसकी. स्पीडब्रेकरवर पोट घासतं, म्हणून गाडी लिफ्टवर घेऊन खालून बघितल्याशिवाय सौदा करू नका.

पुराचं पाणी हा आपल्या भागातला वेगळाच अध्याय. हिंदमाता, गांधी मार्केट, किंग्ज सर्कल इथे उभी राहिलेली गाडी वरून चकाचक करून विकता येते. सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढा. जो भाग कायम आत गुंडाळलेला असतो, त्यावर पाण्याची मातकट रेघ राहते आणि ती धुवून सहसा जात नाही. मग कार्पेटची कड उचला, सीटचे रूळ गंजलेत का बघा, स्टेपनीच्या खड्ड्यात गाळ आहे का तपासा. इंजिनात पाणी शिरलं तर पिस्टन ते दाबू शकत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. अशा गाडीचा मोठा इन्शुरन्स क्लेम झालेला असू शकतो, तेव्हा क्लेमचा इतिहास जरूर मागा.

ट्रायल सकाळी घ्या, इंजिन थंड असताना. मालकाने आधीच गाडी तापवून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी या. थंड इंजिन सुरू होताना चेनचा खडखडाट झाला तर टायमिंग चेनची, आणि सायलेन्सरमधून निळसर धूर आला तर टर्बो बिघडल्याची किंवा इंजिन ऑइल पीत असल्याची शंका घ्यावी. मग आधी गर्दीत घाला, निदान अर्धा तास. डीएसजी असेल तर दहा-पंधराच्या वेगात पहिल्या-दुसऱ्यामध्ये थरथर जाणवते का, याकडे लक्ष द्या. एसी पूर्ण चालू ठेवून टेंपरेचरचा काटा बघा. केम्प्स कॉर्नरहून पेडर रोडच्या चढावर थांबून पुन्हा उचला; क्लच गेलेला असेल तर इंजिन गुरगुरेल आणि गाडी हलणार नाही. शेवटी कोस्टल रोड. बोगद्यात ६० ची, बाहेर ८० ची मर्यादा आहे आणि तेवढा वेग पुरेसा आहे: स्टेअरिंग थरथरतं का, गाडी एका बाजूला ओढते का, हे तिथे कळतं. परतल्यावर टायरवरचा चार आकडी कोड वाचा. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा.

बजेट सहा लाखांचं असेल तर गाडी साडेचार-पावणेपाचची बघा. उरलेले पैसे पहिल्या वर्षाचे: सगळी तेलं, कूलंट, ब्रेक, टायर, सस्पेन्शनची बुशिंग, आणि हातात थोडी शिल्लक. एप्रिल २०२३ आधीच्या बहुतांश गाड्या ई-२० पेट्रोलसाठी बनवलेल्या नाहीत, त्यामुळे इंधनाचे रबरी पाइपही मेकॅनिकला दाखवून घ्या. गाडी पंधरा वर्षांची होत आली असेल तर पुनर्नोंदणी आणि ग्रीन टॅक्सचा खर्च किमतीतूनच वळता करा.

कागदपत्रांत आरसी पुस्तकावरचा चेसिस नंबर गाडीवरच्या नंबराशी ताडून बघा. कर्ज असेल तर बँकेचं एनओसी आणि फॉर्म ३५ हवा. चलानं बाकी असतील तर ती मालकाने भरावीत. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नका. नोंदणी ताडदेवची एमएच-०१ असो की वडाळ्याची एमएच-०३, गाडी नावावर होईपर्यंत एजंटच्या पावतीवर विसंबू नका. विमा आपल्या नावावर करण्याचा अर्ज १४ दिवसांत करायचा असतो. नो क्लेम बोनस मात्र जुन्या मालकाकडेच राहतो, तेव्हा पुढच्या प्रीमियमचा आकडा आधीच काढून घ्या. आणि गाडी ताब्यात घ्याल त्याच दिवशी दुसरी चावी मागा. अशा गाड्यांची नवी चावी गल्लीतल्या चावीवाल्याकडे बनत नाही, कंपनीकडून कोड करून घ्यावी लागते.