एक आडनाव, दोन उल्का

मेटिओर म्हणजे उल्का. रॉयल एनफिल्डच्या घरात सध्या अशा दोघी नांदतात: मेटिओर ३५० आणि सुपर मेटिओर ६५०. दोघी क्रूझर. म्हणजे पाय पुढे टाकून ऐसपैस बसा, घाई असेल त्याला वाट द्या. आडनाव एक, पण स्वभाव? बघा तर खरं!

धाकटी आधी जन्मली
३५० रस्त्यावर आली नोव्हेंबर २०२० मध्ये, थंडरबर्डची गादी चालवायला. थोरली ६५० चं दर्शन घडलं २०२२ साली, इटलीतल्या मिलानच्या प्रदर्शनात. त्याच वर्षी ती गोव्याच्या रायडर मेनिया मेळाव्यातही मिरवून गेली.

नाव मात्र आजीचं
१९५० च्या दशकात इंग्लंडमध्ये बनणाऱ्या रॉयल एनफिल्डच्या ताफ्यात मेटिओर होती आणि सुपर मेटिओरही. तेव्हा दोघींचं इंजिन ६९२ सीसीचं होतं. आजच्या दोघी त्या आज्यांपुढे लहानच!

सगळं घराणं आकाशात
३५० चे पहिले तीन अवतार फायरबॉल, स्टेलर, सुपरनोव्हा. ६५० चे अ‍ॅस्ट्रल, इंटरस्टेलर, सेलेस्टियल. शोरूममध्ये जाताना सोबत पंचांग असलेलं बरं.

मोठीचा सिलिंडर छोटीपेक्षा छोटा
थोरलीचे ६४८ सीसी दोन सिलिंडरांत वाटलेले, म्हणजे प्रत्येकी ३२४. धाकटीचा एकुलता एक सिलिंडर ३४९ सीसीचा! त्यातला पिस्टन ८५.८ मिलिमीटरची लांब धाव घेतो, थोरलीचे ६७.८ वरच माघारी फिरतात. म्हणून धाकटी संथ ठेक्यात चालते आणि तिचा जोर ४००० आरपीएमलाच पुरा मिळतो. थोरलीला त्यासाठी ५६५० गाठावे लागतात. पण मिळतो तो जवळपास दुप्पट.

सिमेंटचं एक पोतं
धाकटी १९१ किलोची, थोरली २४१ ची. फरक बरोब्बर ५० किलोंचा, म्हणजे सिमेंटच्या एका पोत्याएवढा. हायवेवर हे पोतं जाणवत नाही. उतारावर पार्क केलेली गाडी मागे ढकलताना मात्र आजोबा आठवतात.

जड ती, पण बुटकी
वजनदार थोरलीची सीट ७४० मिलिमीटरवर, धाकटीची ७६५ वर. म्हणजे मोठीवर बसून पाय टेकवणं जास्त सोपं! पण पोटाखालची जागाही तशीच: धाकटीला १७० मिलिमीटर, थोरलीला जेमतेम १३५. गावोगावचे हौशी स्पीडब्रेकर बघता ही गोष्ट लक्षात ठेवलेली बरी.

भूक मोठी, डबा जवळपास तेवढाच
इंजिन जवळजवळ दुप्पट, पण टाकी १५ लिटरवरून फक्त १५.७ वर. दोघी सोबत निघाल्या, तर पेट्रोल पंपाची आठवण आधी कुणाला येणार हे सांगायला नको.

किक? विसरा!
दोघींनाही किक नाही. बुलेटला किक मारता मारता पोटरी सुजवून घेतलेल्या काकांनी आता फक्त बटण दाबायचं. पोटरी वाचली, पण चारचौघांत सांगायचा किस्सा गेला.

एका सीसीची करामत
सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या मोटरसायकलींवर जीएसटी १८ टक्के, त्यापुढच्या गाड्यांवर ४०. धाकटी ३४९ वर थांबलेली, रेषेच्या अलीकडे अवघा एक सीसी. थोरलीचा मुक्काम पलीकडे.

तेव्हा उल्का कुठलीही निवडा, एक गोष्ट पक्की. ती पडते तिथे खड्डा होतोच. बुलढाण्यातलं लोणार सरोवर त्याला साक्षी आहे. इथे खड्डा पडतो खिशाला. तो केवढा हवा, एवढंच तुमच्या हातात!