लोणारचे मोर आणि त्यांचे पूर्वज

बुलढाणा जिल्ह्यातील लोणार येथे पहाटेच्या वेळी सरोवराच्या कडेवर उभे राहिले, म्हणजे पाणी स्पष्ट दिसण्यापूर्वीच मोरांचे केकारव कानी येतात. सुमारे पावणेदोन किलोमीटर व्यासाचा हा वाटोळा खळगा आकाशातून आलेल्या अशनीच्या आघाताने निर्माण झाला. त्याच्या उतारावरील झाडीत मोरांचा वास असतो. खाली खाऱ्या पाण्याच्या काठाने लांब तांबड्या पायांचा शेकाट्या फिरतो, तर टिबुकली पाण्यात बुड्या मारते.

हे पक्षी दिसण्यात किती भिन्न! तरीही त्यांना एका कुळात आणणारे लक्षण एकच आहे, आणि ते म्हणजे पिसे. उडता येणे हे पक्ष्याचे खरे लक्षण नव्हे. वटवाघूळ उडते, पण त्याला पिसे नाहीत. शहामृगाला उडता येत नाही, पण त्याचे अंग पिसांनी झाकलेले असते. पक्ष्यांची पुष्कळशी हाडे पोकळ असतात, त्यामुळे शरीर हलके होते. त्यांना दात नसतात. ते काम चोच करते.

परंतु पक्षी पूर्वीपासून असेच होते काय? इ. स. १८६१ मध्ये जर्मनीतील बव्हेरिया प्रांतात, चुनखडीच्या खाणीत, एका चमत्कारिक प्राण्याचा सांगाडा दगडात उमटलेला आढळला. तो सुमारे १५ कोटी वर्षांपूर्वीचा होता. आकाराने तो जेमतेम कावळ्याएवढा. त्याला पिसे होती, पंख होते. पण जबड्यात दात होते, पंखांना नखे होती आणि शेपटी सरड्यासारखी लांब व हाडांची होती. शास्त्रज्ञांनी त्याला 'आर्किऑप्टेरिक्स', म्हणजे 'प्राचीन पंख', असे नाव दिले. लहान आकाराच्या काही डायनोसॉरांशी त्याचे विलक्षण साम्य आहे, हे हक्स्ले या इंग्रज शास्त्रज्ञाने त्याच शतकात दाखविले. पुढे १९९६ मध्ये चीनमधील एका डायनोसॉराच्या अवशेषावर पिसांसारखी लव आढळली. तो प्राणी मुळीच उडणारा नव्हता! तेव्हा पिसे आधी आली आणि उड्डाण मागाहून. प्रारंभी ती ऊब राखण्यासाठी किंवा दिमाख मिरविण्यासाठी उपयोगी पडत असावीत.

मोर आपले पाय पाहून लाजतो, अशी लोकांची समजूत आहे. वास्तविक पुढे तीन बोटे रोवणारा तो पाय त्याच्या कुळाची जुनी खूण होय. मांसाहारी डायनोसॉर अशाच तीन बोटांवर चालत.

सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लोणारच्या अशनीहून कितीतरी प्रचंड अशनी आजच्या मेक्सिकोजवळ आदळला. त्या उत्पातात डायनोसॉर नष्ट झाले. त्यांच्या वंशातील काही पक्षी मात्र तगले. त्याच सुमारास दख्खनमध्ये लाव्हारसाचे थरांवर थर साचत होते. लोणारचा काळा खडक त्याच लाव्हाचा आहे. सायंकाळ झाली, की त्या खडकावरून चालत आलेला मोर जड पिसारा सावरीत झेप घेतो आणि उंच फांदीवर रात्रीपुरता विसावतो.