आठचा बोल्ट आठचा नसतो

भोसरी असो की सातपूर, मशिनशॉपमधल्या ड्रॉइंगवर ‘एम ८ × १.२५ – ६जी’ अशी एक ओळ हमखास सापडते. एम म्हणजे मेट्रिक, ८ म्हणजे आठ मिलिमीटर व्यास आणि १.२५ म्हणजे पिच, शेजारशेजारच्या दोन आट्यांमधलं अंतर. इथवर कुणालाही कळतं. खरी गोम त्या शेवटच्या ‘६जी’त आहे. हा बोल्ट मायक्रोमीटरमध्ये धरला आणि तो बरोबर ८ मिलिमीटर भरला, तर तो नापास! त्याचा बाहेरचा व्यास ७.९७२ च्या वर आणि ७.७६० च्या खाली जाता कामा नये. नट मूळ मापापासून वर मोजायचा, बोल्ट मात्र त्याच्या २८ मायक्रॉन खालूनच सुरू करायचा. ही फट मुद्दाम ठेवलेली असते. तिच्यात जस्ताचा मुलामा मावतो आणि लाइनवरच्या कामगाराला बोल्ट हाताने फिरवता येतो.

तरी बाहेरचा व्यास ही आट्याची दुय्यम बाजू. बोल्ट धरतो तो आट्याच्या उतारांवर, माथ्यावर नाही. म्हणून खरं माप पिच डायमीटरचं. आट्याची जाडी आणि दोन आट्यांमधली पोकळी जिथे सारखी होते, तिथून जाणाऱ्या काल्पनिक दंडगोलाचा हा व्यास. एम ८ ला तो मूळ ७.१८८ मिलिमीटर, आणि ६जी बोल्टाला ७.१६० ते ७.०४२. नसलेल्या दंडगोलाला मायक्रोमीटर लावायचा कसा? एका बाजूच्या खाचांत दोन आणि समोरच्या खाचेत एक अशा सारख्या जाडीच्या तीन तारा बसवून त्यांवरून माप घ्यायचं आणि मग हिशेब करायचा. या पिचसाठी तार ०.७२२ मिलिमीटरची उत्तम, कारण ती उताराला नेमकी मध्यावर टेकते.

दिवसाला हजारो नग निघतात तिथे तारा लावत कोण बसणार? तिथे ‘गो’ आणि ‘नो-गो’ या दोन रिंगा. पहिली सहज चढली पाहिजे, दुसरी दोन फेऱ्यांच्या पुढे जाता कामा नये. इंग्लंडमधल्या लेस्टर शहरातल्या विल्यम टेलर यांनी १९०५ मध्ये या जोडीमागचं तत्त्व मांडलं. ‘गो’ने सगळ्या चुका एकदम आणि पूर्ण लांबीवर तपासाव्यात, ‘नो-गो’ने एकच. मला हे तत्त्व फार हुशारीचं वाटतं, कारण आट्यांतल्या चुका एकमेकींचा वेष घेतात. दोन उतारांमध्ये साठ अंशांचा कोन असलेल्या आट्यात, नटाच्या लांबीभर पिच १० मायक्रॉनने चुकली, तर बोल्ट जणू १७ मायक्रॉनने जाड झाल्यासारखा वागतो. व्यास मोजला तर बरोबर, आणि नट मात्र मध्येच अडतो. सुपरवायझर ऑपरेटरवर ओरडतो आणि दोष निघतो पिचचा.

नट जाड केला की पकड तेवढ्याच पटीने वाढते, असं बऱ्याच जणांना वाटतं. तसं होत नाही. बोल्ट ताणाने किंचित लांबतो, नट दाबला जातो, त्यामुळे दोघांची पिच ताणाखाली जुळत नाही. मग टेकणाऱ्या पृष्ठालगतचा पहिलाच आटा जवळपास एक तृतीयांश भार उचलतो आणि शेवटचे नुसते हजेरी लावतात. नेहमीच्या नटाची उंची व्यासाच्या साधारण ०.८ पट असते, ती याच हिशेबाने.

आता हे साठ अंश आले कुठून? १८०० च्या सुमारास लंडनमध्ये हेन्री मॉडस्ले यांनी लीड स्क्रू आणि बदलते गिअर असलेला लेथ उभा केला आणि एकसारखे आटे पाडणं कारखान्याचं काम झालं. पण आटे ज्याचे त्याचे. मॉडस्ले यांच्याकडे काम केलेल्या जोसेफ व्हिटवर्थ यांनी निरनिराळ्या कारखान्यांतले स्क्रू गोळा करून त्यांच्या मापांची सरासरी काढली आणि १८४१ मध्ये सर्वांसाठी एक पद्धत सुचवली. कोन ५५ अंश, माथे आणि तळ गोलसर. १८६४ मध्ये फिलाडेल्फियात विल्यम सेलर्स म्हणाले, हा गोलावा करणं कटकटीचं; कोन ६० अंश घ्या आणि माथा सपाट ठेवा. अर्ध्या इंचाच्या बोल्टाला व्हिटवर्थ इंचात १२ आटे देतात, सेलर्स १३. एकाचा नट दुसऱ्याच्या बोल्टावर चढवला, तर दोन फेऱ्या नीट बसल्यासारखं वाटतं आणि मग गच्च.

दुसऱ्या महायुद्धात हा गच्चपणा महागात पडला. डेट्रॉइटच्या पॅकार्ड कंपनीने रोल्स-रॉइसचं मर्लिन विमान-इंजिन बनवायला घेतलं, तेव्हा सुटे भाग दोन्हीकडे चालावेत म्हणून तिने आटे ब्रिटिशच ठेवले आणि त्यांचे टॅप न् गेज स्वतः घडवले. १८ नोव्हेंबर १९४८ रोजी वॉशिंग्टनमध्ये ब्रिटन, अमेरिका आणि कॅनडाने एकाच आट्यावर सह्या केल्या. कोन ६० अंशांचा ठरला. आजच्या मेट्रिक आट्याचा कोनही तोच, आणि माथ्यावरचा पिचच्या एक अष्टमांशाचा सपाट भागही सेलर्स यांचाच.

इंची लीड स्क्रूच्या जुन्या लेथवर मेट्रिक आटे पाडायला १२७ दात्यांचा गिअर लागतो. एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर, त्याची पाचपट १२७, आणि ही संख्या मूळ असल्याने लहान गिअरांच्या जोडीने ती नेमकी साधत नाही. मोठा चक्का बसत नसला की काही जण ६३ चा लावतात. मीटरमागे चूक ०.१२५ मिलिमीटर. आठ मिलिमीटरच्या नटात ती एक मायक्रॉन, म्हणजे कुणाच्या गावीही नाही. पण याच गिअरवर कुणी मीटरभर लांबीचा लीड स्क्रू काढला, तर त्या लेथवरचा प्रत्येक पुढचा आटा ती चूक वारशाने घेईल.

व्हिटवर्थ मात्र हरले असं म्हणता येणार नाही. आपल्याकडे प्लंबर ‘अर्ध्या इंची’ नळाला टेफ्लॉन टेप गुंडाळतो, तो आटा ५५ अंशांचाच, इंचात १४. मोजायला गेलं तर त्याचा बाहेरचा व्यास २०.९५५ मिलिमीटर भरतो. अर्धा इंच होता तो जुन्या लोखंडी पाइपच्या आतल्या पोकळीचा.