ओट्याशी दोन मिनिटं

बी. के. एस. अय्यंगार १९३७ साली पुण्यात योग शिकवायला आले. लहानपणी आजारांनी खंगलेलं त्यांचं शरीर आसनांनीच सावरलं होतं. पुढे त्यांनी दोऱ्या, पट्टे, लाकडी ठोकळे, चक्क घडीची लोखंडी खुर्चीसुद्धा आसनांसाठी वापरात आणली. त्यामुळे ताठर अंगाच्या माणसांचीही सोय झाली.

दिवसभर बसून मांडीमागचे स्नायू आखडतात, कंबर कुरकुरते. अशा वेळी स्वयंपाकघरातला ओटाही त्या खुर्चीसारखाच आधार देतो. चहा मुरेपर्यंत त्याच्या कडेला हात टेकवा, पाय मागे घ्या, कमरेत वाका. पाठ पाटासारखी सपाट. गुडघे थोडे वाकले तरी बिघडत नाही. श्वास मात्र कोंडू नका, बहुतेकांचं तिथंच चुकतं. हुरूप येऊन पुढची आसनं करावीशी वाटली, तरी काचबिंदू किंवा उच्च रक्तदाब असेल तर शीर्षासनाच्या वाटेला जाऊ नका.