घनप्रतिमानातील अर्थभेद
अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांस संगणकावर घनाकृतींची प्रतिमाने रचण्यास शिकविताना केवळ दृश्य आकार तपासणे पुरेसे नाही. १०० मिलिमीटर लांबीच्या पट्टीत डाव्या कडेपासून ५० मिलिमीटरांवर छिद्र आहे, असे मानू. एकाने हे अंतर कडेपासून निश्चित केले. दुसऱ्याने छिद्र मध्यभागी राहावे असे बंधन घातले. आकार एकच. परंतु लांबी १२० केली, की पहिले छिद्र ५० वरच राहते, दुसरे ६० वर सरकते. ‘रामाचे चित्र’ या पदबंधाचेही असेच आहे : रूप एक, अर्थ दोन. बंधनांची ही कल्पना आयव्हन सदरलंड यांच्या १९६३ मधील ‘स्केचपॅड’मध्येच आढळते. म्हणून परीक्षकाने एखादे माप बदलून पाहावे; रचनेमागील हेतू विद्यार्थ्यास उमगला आहे की नाही, हे तेव्हाच कळते.